खांबातला नारळ

दोन हजार तेवीस साली मला बहात्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, पण भांडगावातलं आमचं घर मी उभं केलंय. गवंडी नावाला होता. थोरल्या पोराला वर मजला चढवायचा होता, म्हणून त्यानं दौंडहून इंजिनियर आणला.

इंजिनियरकडं उष्णता दाखवणारा कॅमेरा. ऊन खांबांवर येईस्तोवर तो चहा पीत बसला. म्हणाला, आत पोकळी असली की वरचा पापुद्रा लवकर तापतो, तो कॅमेऱ्यात लाल दिसतो. बाकीचे खांब सारखे निळे दिसले. दाराजवळच्या खांबात मात्र छातीच्या उंचीला लाल गोळा.

"आबा, हा खांब आतून पोकळ आहे."

"तुमचा डबा खोटं बोलतोय. माझ्या हातानं भरलाय त्यो."

त्यानं हातोडी मारली. तिथं आवाज बद्द आला.

"पाडून नवा घालू," थोरला म्हणाला. "उद्या ब्रेकरवाल्याला बोलावतो."

उंबऱ्यात बसलेली आमची म्हातारी हसायला लागली. "आवो, नारळ हाय त्यो! लोकं पायाच्या खड्ड्यात घालत्यात. हे पायाभरणीला दौंडात बसले, नारळ राहिला, आन् मागनं खांब भरताना वरनं टाकला. मी नको म्हणत व्हते, ऐकतंय कोण!"

"नारळ कुजला, जागा रिकामी राहिली," इंजिनियर म्हणाला.

"राहू द्या," मी म्हणालो. "बिननारळाच्या घरात मी राहत न्हाई. आणखी कुठं लाल हाय का, ते बघा."

चारी बाजूंनी बघितलं. कुठं नव्हतं.

"मग नारळापुरतं फोडा आन् भरा. अख्खा खांब कशापायी?"

"आबा, हट्ट सोडा," थोरला चिडला. "वर माझी लेकरं झोपणार हायेत."

"माझी न्हाईत व्हय ती?"

इंजिनियर मधे पडला. आधी बीमला टेकू द्यायचे, मग तेवढीच जागा उघडायची. सळई गंजली असली तर खांब पाडायचा. मी म्हणालो, चालंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यानं बोलावून ठेवलेल्या ब्रेकरवाल्याला मी वाटेतूनच माघारी लावला. टेकू लागल्यावर छिन्नी मीच धरली. करवंटीचे तुकडे निघाले. मागची सळई कोरडी, गंज नाही. इंजिनियरला आन् थोरल्याला बोट लावून बघायला लावलं, मग इंजिनियरनं सांगितलेला सिमेंटचा मसाला माझ्या हातानं ठासून भरला.