करंजाचा साबण

अंगणातला करंज तोडायचा, असं धाकट्या दिरांनी चैत्रातच ठरवून टाकलं. त्यांना टेंपोसाठी शेड घालायची होती आणि झाड नेमकं आडवं येत होतं. "शेंगांचा नुस्ता कचरा. काय कामाचा हाय तो?" म्हणाले. माझ्या स्वयंपाकघराचा पत्रा त्याच झाडाच्या सावलीत आहे. लग्न होऊन कळंबजवळच्या या घरात आल्यापासून माझं म्हणावं असं ते झाड एवढंच.

"आणि त्याचं काम दाखवलं तर?" मी विचारलं.

दरवर्षी लावणीत दिरांच्या पायांना चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्यातली कातडी सोलवटते, रात्री खाजवत बसतात. सासूबाई करंजेल लावायला सांगतात, पण तेलकट पाय टेंपोच्या पेडलवरून सटकतो, म्हणून ते बाटलीला हात लावत नाहीत. मी म्हटलं, त्याच तेलाचा साबण करते. लावणी होईपर्यंत झाड ठेवा. साबण लागू पडला नाही, तर कापताना दोरी मी धरीन.

"बगा हां वयनी," दीर हसले. "खरंच धराया लावीन."

शेंगा वेचल्या, बिया फोडल्या, कर्जतच्या घाण्यावरून तेल काढून आणलं. कृती मोबाइलवर पाहिलेली. कॉस्टिक सोडा पाण्यात कालवायला सासूबाईंचा जर्मलचा टोप घेतला, कारण तोच हाताशी होता. सोडा पडला मात्र, टोप फसफसून उठला, काळाठिक्कर पडला, नाकाला झोंबणारी वाफ अंगणभर झाली. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही हे व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे. मी नेमकं तेवढंच पुढे पळवलं होतं. निवल्यावर पाहिलं, तर टोप बुडातून गळत होता.

"माझा टोप खाल्लास गं!" सासूबाई ओरडल्या.

"आदी घर वाचवू," दीर म्हणाले, "झाडाचं मागनं बगू."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, एवढा संताप आला होता. दुसऱ्याच दिवशी माहेरचं स्टीलचं पातेलं काढलं. करंजेलात खोबरेल मिसळलं, सोड्याचं पाणी घातलं आणि ताकाच्या रवीनं घोटायला बसले. करंजेल घट्ट होता होत नाही. खांदे भरून आले. "लोणी कवा निघतंय गं?" सासूबाईंनी दारातून विचारलं. मी रवी आणखी जोरात फिरवली. दुपार कलली तेव्हा कुठे रवीची रेघ वर उमटून राहायला लागली. मिठाईच्या खोक्यात प्लास्टिक अंथरून सगळं ओतलं. पुढे वड्या कापून माळ्यावर सुकायला ठेवल्या. रंग गुळासारखा आणि वास कडू.

लावणी लागली. महिनाभर सुकलेली एक वडी मी मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. दीर शेतावरून यायचे, पाय धुवायचे आणि वडी कोरडीच राहायची. मी विचारलं नाही. पण रोज संध्याकाळी मी तिला बोट लावून बघायचे.

लावणी आटोपली आणि झाड कापणारा माणूस मशीन घेऊन आला. बोलले होते, म्हणून पदर खोचून मीच पुढे झाले. दोरी टेंपोत होती. सीटमागे हात घातला, तर दोरीच्या वेटोळ्यात प्लास्टिकची डबी लागली. उघडली. आत साबणाची झिजलेली चकती होती, गुळाच्या रंगाची, अजून ओली. माळ्यावरून वडी कधी उचलली कोण जाणे. म्हणजे साबणानं पाय शेतातच धुऊन येत होते, मोरीत नुसतं पाणी ओतत होते. आणि यंदा ते एकदाही खाजवताना दिसले नव्हते, हे मला तिथे, त्या सीटमागे वाकलेली असताना लक्षात आलं.

दोरी घेऊन आले. दिरांच्या पायांकडे पाहिलं. बेचक्या स्वच्छ होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता त्या माणसाला सांगितलं, "ती गेटावरची फांदी तेवढी घ्या. टेंपोला घासते. बाकी नाय."

मग माझ्याकडे वळले. "धरा दोरी, वयनी. बोली म्हंजे बोली."

मी दोन्ही हातांनी धरली. फांदी खाली आली, आणि वरचा अख्खा करंज जागच्या जागी हलत राहिला.