एका ताग्यातली पोरं

"शर्ट आमचा आहे. मुलगा आमचा नाही."

पालच्या जत्रेत, लाउडस्पीकरच्या मांडवात उभ्या राहून पोस्टमास्तरांच्या बाई पुन्हा पुन्हा हेच सांगत होत्या. समोर बाकड्यावर दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा बसला होता. खंडोबाच्या जत्रेत हळदीचा भंडारा उधळतात, त्यानं तो शेंडीपासून गळ्यापर्यंत पिवळा झाला होता. अंगात निळा टेरिलिनचा शर्ट. नाव विचारलं की तो तोंड फिरवायचा आणि नाक ओढायचा.

"बाई, तुमीच सांगितलं निळा टेरिलिन, खिशाला झाकण. आमी हुडकून आणलं," स्वयंसेवक म्हणाला.

"अहो पण आत विलास हवा ना."

 पोस्टमास्तर एकटक नदीकडं बघत होते. सांगलीची माणसं, बदली होऊन उंब्रजला आलेली. एकुलता एक मुलगा, आणि तो शर्टाबाहेर निघून कुठं गेला ते कळेना.

मी तिथं पोचलो तो लाउडस्पीकर ऐकून. मी टेलर. उंब्रजला एसटी स्टँडसमोर माझं दुकान होतं. खिशाला झाकण असलेला निळा टेरिलिनचा शर्ट अख्ख्या उंब्रजात एकच होता आणि तो मी शिवला होता. मांडवात शिरलो आणि आधी शर्ट ओळखला. मग आतला पोरगा ओळखला. मग मला घाम फुटला.

आता हे काय लचांड होतं ते नीट सांगतो. त्यासाठी तागा म्हणजे काय ते कळायला पाहिजे.

कापडाची अख्खी गुंडाळी म्हणजे तागा. त्या काळात खटल्याच्या घरात, म्हणजे चुलते-पुतणे सगळे एकत्र असलेल्या घरात, सणाला एकच तागा आणायचे. त्यातून सगळ्या पोरांचे शर्ट. उरलं तर उशीचे अभ्रे. त्यातूनही उरलं तर रेडिओला झाकण. आवडनिवड विचारायची पद्धत नव्हती. आणि माप कुणाचंही घ्या, आजी दारात उभी राहून एकच वाक्य म्हणायची, "वाढत्या अंगाचं शिव." म्हणजे ढगळ शिव, दोन वर्षं चालला पाहिजे.

आमच्याकडं असं सगळ्यात मोठं घर आबांचं. आबा पलटणीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. नातवंडं अकरा, सगळी पोरंच. त्या वर्षी आबांनी तागा आणला तो तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा. मी म्हणालो, "आबा, गादीचं कापड वाटतंय."

"टिकाऊ हाय," आबा म्हणाले. "आन जत्रंत लांबनं दिसतंय. गिनती कराय बरं."

आबांना लांबचं कमी दिसायचं, पण चष्मा लावायला ते तयार नव्हते. सुभेदारानं चष्मा लावला तर दुश्मन काय म्हणेल, असं काहीतरी त्यांचं म्हणणं होतं.

अकरातला एक सुभाष. पाचवीत होता. माप द्यायला आला तेव्हा कापड बघून त्याचं तोंड एवढंसं झालं. "काका, शाळेत मास्तर मला नावानं हाक मारत न्हाईत. 'आबांचा एक' म्हनत्यात. मला येगळा शर्ट पायजे." त्याचा जीव तुटत होता, ते कळत होतं. पण टेलरला कुणाचं कापड बदलता येत नाही.

त्याच्याबरोबर त्याचा दोस्त आला होता, विलास. पोस्टमास्तरांचा. त्याच्यासाठी खास सांगलीहून निळं टेरिलिन आणलेलं, आईच्या हुकुमानं फिटिंगचं शिवायचं. तो मात्र पट्ट्यांच्या ताग्यावरून हात फिरवत होता.

"मला यातला एक मिळेल का?" त्यानं विचारलं.

"का रे बाबा? गादी व्हायचंय?"

"नाही. घरी मी एकटाच असतो. हे सगळे एकदम शाळेत येतात, एकदम जातात. कुणी यातल्या एकाला मारलं तर दहा जण धावतात." मग खाली बघत म्हणाला, "माझ्यामागं कुणीच धावत नाही."

मी दोघांनाही हाकललं. ज्याचं कापड त्याचं माप, हा धंद्याचा नियम. शर्ट शिवले, इस्त्री करून ज्याचे त्याच्या घरी दिले. विषय संपला असं मला वाटलं.

जत्रेच्या तोंडावर दोघं पुन्हा हजर. हातात निळा शर्ट.

"काका, छातीला आवळतोय," विलास म्हणाला.

विलास म्हणजे हाडांचा सापळा. शेजारी सुभाष उभा, दुधातुपावर वाढलेला, आणि छपराकडं बघून शीळ घालतोय. कोणाला आवळतोय ते मी विचारलं नाही. शिवताना शिलाईच्या आत आम्ही जादा कापड दुमडून ठेवतो, त्याला दाब म्हणतात. माणूस सुटला की शिलाई उसवायची, दाब बाहेर काढायचा, शर्ट मोठा होतो. गिऱ्हाईक म्हणालं आवळतंय, मी उसवलं. त्यात माझं काय चुकलं?

पट्ट्यांच्या शर्टाला तर काही करायचंच नव्हतं. वाढत्या अंगाचं माप. त्यात विलास काय, विलासचे वडीलही मावले असते.

जत्रेत पाळण्यामागं जाऊन दोघांनी शर्ट बदलले. थोडा वेळ हिंडायचं आणि परत बदलायचे, असा बेत. तेवढ्यात भंडारा उधळला आणि सगळ्यांचे चेहरे एकसारखे पिवळे झाले. लगेच आबांची शिट्टी वाजली. आबांची शिट्टी म्हणजे फॉलिन, असेल तिथून येऊन रांगेत उभं राहायचं. बायका दर्शन घेऊन आधीच्या गाडीनं गेल्या होत्या. पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जायची होती.

विलास शर्ट बदलायला सुभाषला शोधत होता. मागून आबांनी त्याची कॉलर धरली. "हिकडं कुठं? चल, बस ट्रॉलीत." विलासनं हू की चू केलं नाही. पुढं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "मला कुणी घरचं समजून कधी ओढलंच नव्हतं."

सुभाष धावत आला तर आबांची मोजणी सुरू होती. शर्टांना बोट लावत "नऊ, धा, अकरा" म्हणाले आणि खूश झाले. मग ट्रॉलीच्या कडेला लोंबकळणारा निळा शर्ट दिसला.

"तू कुनाचा रं? बाजूला हो."

ट्रॅक्टर निघून गेला.

सुभाषला घर काही लांब नव्हतं. चालत आला असता. पण तो तिथंच मटकन बसला. वेगळं दिसायचं होतं, ते झालं होतं, आणि आता सख्खा आजोबा विचारत होता तू कुणाचा. त्याला ते फार लागलं. म्हणून मांडवात आणला तरी तो नाव सांगत नव्हता.

मला बघितल्यावर मात्र बांध फुटला. "काका, आबांनी विलासला नेलं. मला न्हाई नेलं."

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी थेट एसटीकडंच चालायला लागलो. जत्रेची जादा गाडी मिळाली. वाटेत बाईंनी एकच प्रश्न विचारला, "हा शर्ट या मुलाला बसतो कसा?" मी खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिलो.

आबांच्या सोप्यात पंगत बसली होती. पिवळ्या तोंडांची पट्टेदार रांग भरीत-भाकरी हाणत होती.

"आबा, यात एक माझा मुलगा आहे," पोस्टमास्तर म्हणाले.

"अकरा हायत. मी सोता मोजलीत."

"अकराच आहेत. पण त्यातला एक माझा आहे."

"आवं मास्तर, पोस्टात एखांदं पाकीट हिकडचं तिकडं जात आसंल. हितं मोजून माल येतो." आबांनी तरी शिट्टी काढली. पोरं भाकरीसकट अंगणात उभी राहिली. एकेकाच्या तोंडावर तांब्याभर पाणी. पिवळं ओघळून गेलं, एकेक नातू निघाला, आणि रांगेच्या शेवटी विलास निघाला. बाईंनी त्याला आधी एक फटका दिला आणि मग इतका घट्ट धरला की तोही रडला आणि त्याही रडल्या.

आबा शेवटच्या तोंडाकडं बघत राहिले. मग दाराकडं बघितलं. तिथं सुभाष उभा होता, आत न येता.

"सुभाष? तू कवा भाईर ऱ्हायलास?"

"तुमी मला बाजूला हो म्हनला," सुभाष म्हणाला. "कुनाचा रं, म्हनला."

आबा खाली पायरीवर बसले. मग म्हणाले, "मी शर्ट मोजलं रं. पोरं मोजलीच न्हाईत. हिकडं ये." सुभाष गेला नाही. मग आबाच उठून त्याच्याकडं गेले आणि धोतराच्या सोग्यानं त्याचं तोंड पुसायला लागले. बराच वेळ पुसलं. निघण्याजोगं जेवढं होतं ते केव्हाच निघालं होतं.

आता माझी पाळी. "टेलर, ह्यो दाब कुनी उसावला?"

"मी."

"का?"

"गिऱ्हाईक म्हणालं, आवळतंय."

आबांनी एकदा विलासचा सापळा बघितला, एकदा सुभाषची छाती बघितली. मला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक हातातनं. पण ते म्हणाले, "बस, भाकरी खा. आन मास्तर, वैनी, तुमीबी बसा. पोराची अर्दी ऱ्हायलीया."

बाई नको नको म्हणाल्या आणि दोन भाकऱ्या खाऊन उठल्या.

दिवाळीला आबा नवीन तागा घेऊन आले. हिरव्या चौकटी. मागच्यापेक्षा वाईट.

"बारा शर्ट," ते म्हणाले.

"घरात नवीन पोरगं आलं?"

"पोस्टातलं. तेला वाढत्या अंगाचं शिव. आन ह्याला इचार काय पायजे ते." त्यांनी सुभाषला पुढं ढकललं.

मी निळ्या टेरिलिनचा एक तुकडा मुद्दाम वर काढून ठेवला होता. सुभाषनं तो बघितला, ताग्याकडं बघितलं, आणि खूप विचार केला. "ताग्यातलाच," तो म्हणाला. "पन बटनं निळी लावा."

मी निळी लावली. दुसऱ्या दिवशी उरलेले अकराही बटणं बदलायला दुकानात. मी सगळ्यांना हाकललं. निळी बटणं एकाचीच राहिली.

पुढच्या जत्रेला मी मुद्दाम ट्रॉलीजवळ जाऊन उभा राहिलो. आबांनी शिट्टी वाजवली. त्यांच्या नाकावर चष्मा होता आणि हातात ओला टॉवेल. एकेका पोराचं तोंड पुसायचे, नाव घ्यायचे आणि मग वर चढवायचे. जाम वेळ लागत होता, मागचे बैलगाडीवाले शिव्या देत होते. विलासचं तोंड पुसून "इलास, पोस्टातला" म्हणाले आणि त्यालाही चढवलं. निळ्या बटणांचा सुभाष आपण होऊन सगळ्यात शेवटी उभा होता, नाव मोठ्यानं ऐकायला मिळावं म्हणून.

एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो. तागा घेताना एका शर्टाचं कापड जास्त घ्यावं. अभ्रे काय, नंतरही शिवता येतात.