एकशे अठराच्या दारावरची खूण

आमच्या गावात चारशे बारा घरं आहेत. हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, कारण त्यातल्या प्रत्येक दारावरचा आकडा माझ्या दिरांनी रंगवलेला आहे. गाव त्यांना पेंटर म्हणतं, मी भाऊजी म्हणते. लष्कर येण्याआधी आम्हाला आकड्यांची गरजच पडली नव्हती. विहिरीपलीकडचं हिरवं दार म्हटलं की येणारा बरोबर पोचायचा.

भाऊजी दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर आणि शाळेचे फळे रंगवायचे. पट्टी लावून रेघ मारणाऱ्याला ते पेंटर म्हणायलाच तयार नसत. लग्न केलं नाही. का, ते मला ठाऊक आहे, पण ते इथे सांगायचं कारण नाही. माझा नवरा गेला तेव्हा आमची मुलगी चार वर्षांची होती, आणि त्या दिवसापासून घर भाऊजींच्या ब्रशवर चाललं. पोरीला अक्षरओळख त्यांनीच करून दिली, तीही पाटीवर नाही, परसातल्या भिंतीवर, तेलरंगाने. ती भिंत पुसायला मी किती रॉकेल घालवलं असेल, विचारू नका.

माणूस सोन्यासारखा, पण एक खोड वाईट. शहाणपणा सांगायची. ऐकणारा मिळाला की यांची गाडी सुटलीच. मी कितीदा म्हटलं असेल, भाऊजी, हात चालवा, तोंड नको. ते हसायचे आणि दोन्ही चालवायचे.

मुलीचं लग्न गावातच झालं, दोन गल्ल्या सोडून. जावई रेडिओ दुरुस्त करायचा. खिशात कायम एक छोटा पेचकस, बोलणं मोजकं. भाऊजींना तो इतका आवडला की रोज संध्याकाळी तिकडेच. मुलगी चहा टाकायची, हे भुरके मारत बसायचे, जेवायची वेळ झाली तरी उठायचं नाव नाही. एक तर त्यांची एकच खोली, त्यात नवं लग्न. शेवटी एक दिवस मी तोंड सोडलं. म्हटलं, तुम्हाला काही कळतं की नाही, पोरांनी बसायचं कुठे, बोलायचं कधी? काम असेल तरच जायचं तिकडे, नाहीतर नाही. भाऊजी लहान मुलासारखे हिरमुसले. "बरं वहिनी," म्हणाले, आणि खरंच जायचे थांबले.

हे माझं बोलणं लक्षात ठेवा. मी तर विसरूच शकत नाही.

आता लष्कराचं. डोंगरात बंदुका घेतलेली माणसं होती, त्यांना धरायला लष्कर आलं आणि पुलाजवळच्या धान्याच्या गोदामात छावणी पडली. आधीचे साहेब दारं लाथेने उघडायचे. मग हा नवा कप्तान आला. दाराबाहेर बूट काढायचा, घरात शिरल्यावर आधी म्हाताऱ्यांची विचारपूस करायचा, आमची भाषा अडखळत का होईना पण बोलायचा. हातात कायम वही. गावाने त्याचं नाव वहीवाला ठेवलं. तो म्हणायचा, बंदुकीने गाव जिंकता येत नाही, गाव समजून घ्यावं लागतं. कोण कुणाचा मेहुणा, कोणाचं कोणाशी जमत नाही, कोण कुठे पाणी भरतं, सगळं लिहून घ्यायचा. मला तो पहिल्या दिवसापासून खटकला. लाथ मारणाऱ्याचा निदान अंदाज येतो. पण गावात माझं कोण ऐकतंय? सगळे त्याच्यावर खूश.

सगळ्यांत जास्त खूश भाऊजी. दारांवर आकडे घालायचं काम वहीवाल्याने त्यांना दिलं. हे शिडीवर, तो खाली वही उघडून उभा. असा ऐकणारा भाऊजींना आयुष्यात मिळाला नव्हता. मग काय, सुटले. खिडकी अर्धी उघडी असेल तर घरात पाहुणा आहे. बादली दारात पालथी असेल तर नवराबायकोचं भांडण झालंय. यातलं निम्मं त्यांनी शिडीवरच रचलं होतं. अहो, बादली पालथी असते कारण ती धुतलेली असते. पण हे ब्रश हलवत, डोळे बारीक करून सांगायचे, "साहेब, आमच्याकडे उगाच कुणी काही करत नाही." आणि तो मान डोलवत लिहून घ्यायचा. संध्याकाळी घरी येऊन मला रंगवून सांगायचे आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. हो, मीही हसले आहे. ते कशाला लपवू?

त्यांची कामाची एक पद्धत होती. आधी निळा चौकोन, वर पांढरा आकडा. पण जुनं लाकूड रंग पितं. पहिला हात वाळला की फिकट दिसतो, मग दोनतीन दिवसांनी दुसरा हात द्यावा लागतो. कुठल्या दाराला दुसरा हात द्यायचा, हे लक्षात राहावं म्हणून ते बिजागरीच्या खाली खडूने एक छोटा गोल काढायचे आणि त्यात आडवी रेघ. दुसरा हात झाला की खूण पुसून टाकायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ही खूण बघत होते. शाळेच्या दारावर, दवाखान्याच्या पाटीखाली. गावात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

पुलाकडे जाणारी गल्ली शेवटी राहिली होती. ती त्यांनी सोमवारी संपवली. त्या गल्लीत एकशे अठरा नंबर, म्हणजे आमच्या मुलीचं घर. मंगळवारी सकाळी पुलावर लष्कराची गाडी उडाली. दोन शिपाई गेले. त्यातला ड्रायव्हर आमच्या किराणावाल्याकडे रोज बिड्या घ्यायला यायचा, पोरगेलासा होता, त्याचंही वाईट वाटलं. दुपारपर्यंत शिपाई गल्लीत आले. सात दारांवर खडूची खूण होती, ती त्यांनी डोंगरातल्या माणसांची धरली. त्या सातही घरांतून एकेक कर्ता माणूस उचलला. आमच्या जावयाला उचललं तेव्हा त्याच्या समोर एक रेडिओ उघडून ठेवलेला होता. शिपायांनी तारा आणि बॅटऱ्या टोपलीत भरून सोबत नेल्या.

बातमी कळली तेव्हा भाऊजी हात धूत होते. सात दारं कुठली, हे त्यांनी ऐकलं. हाताला साबण तसाच, आणि ते छावणीच्या वाटेला लागले. गावातल्या चौघांनी अडवलं. खूण माझी आहे म्हणालास तर तुलाच टांगतील, असं सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. मीही पदर खोचून मागे निघाले. या माणसाला बोलण्याच्या जागी एकटं सोडणं मला कधीच धोक्याचं वाटत आलंय.

वहीवाल्याने आम्हाला खुर्च्या दिल्या. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज चढला नाही. भाऊजींनी सगळं सांगितलं. जुनं लाकूड, दुसरा हात, खडू. आयुष्यात पहिल्यांदा ते मोजकं बोलत होते. त्याने वही उघडली, मागची पानं चाळली, आणि म्हणाला, चला, दाखवा.

खोटं कशाला बोलू, माणूस न्यायाचा होता. एकेका दारापाशी थांबला, नखाने रंग खरवडून पाहिला. पहिल्या सहा दारांवर निळा रंग खरोखर फिकट होता, लाकडाच्या रेषा वर आल्या होत्या. प्रत्येक दारापाशी तो वहीत काहीतरी खोडायचा आणि आत उभ्या असलेल्या बायकांच्या जिवात जीव यायचा. माझ्याही. मी मनात म्हटलं, सुटलो, आता एकच राहिलं.

एकशे अठराच्या दारात मुलगी उभी होती. चौकोन गडद निळा, आकडा दुधासारखा पांढरा. त्याने नखाने खरवडलं, काही निघालं नाही. बोट फिरवलं. दोन हात दिलेले होते, कदाचित तीनसुद्धा. सगळ्या गावात एवढा सुंदर आकडा दुसरा नव्हता, आणि का नसावा? पोरीचं दार होतं ते. खाली बिजागरीशी मात्र खडूचा गोल, त्यात आडवी रेघ.

"इथे काय बाकी होतं?" त्याने विचारलं.

मी भाऊजींकडे बघितलं आणि त्यांचं तोंड बघून मला एका क्षणात सगळं कळलं. काम बाकी नव्हतंच. काम बाकी असल्याचं निमित्त हवं होतं. परत यायला.

"चहा," भाऊजी म्हणाले.

कप्तानाला वाटलं त्यांना चहा हवा आहे. मग भाऊजींनी खाली बघत सांगितलं की दुसरा हात द्यायचाय म्हणून गुरुवारी आलो असतो, पोरीने चहा टाकला असता, म्हणून खूण केली. बाकी काही नाही, साहेब, उगाच केली.

कप्तान चिडला असता तर बरं झालं असतं. त्याला उलट दुःख झाल्यासारखं दिसलं. म्हणाला, "तुमच्या पुतणीकडे यायला तुम्हाला खूण लागते? तुम्हीच मला सांगितलं होतं, इथे उगाच कुणी काही करत नाही."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. अहो साहेब, यांना इथे यायची बंदी होती, ती मी घातली होती. गावभर माझ्या जिभेची ख्याती. भाजीवाल्याशी भांडते, मुख्याध्यापकाला सुनावते, आणि तिथे माझी जीभ टाळ्याला चिकटली. समोर मुलगी उभी होती. तिला हे कळेल, याची लाज वाटली मला. तिचा नवरा कोंडलेला, आणि मला लाज सुचते. भाऊजींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान फिरवली. आणि त्यांनीही माझं नाव घेतलं नाही.

वहीत आधीच लिहिलेलं होतं, रेडिओवाला, तारा, बॅटऱ्या. त्याखाली आता आणखी एक ओळ गेली.

सहा माणसं चौथ्या दिवशी घरी आली. जावयाला पुढे पाठवलं. पुढे म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना. दुसऱ्या दिवशीपासून मी छावणीच्या फाटकाशी जाऊन बसायला लागले. तोवर मी मनाशी ठरवलं होतं की सगळं सांगून टाकायचं. तर कळलं, वहीवाल्याची मुदत संपली, तो आपल्या घरी गेला. त्याच्या जागी दुसरा आला. तरणा, गोरटा, तोही बूट काढणारा. मी त्याच्यापुढे सगळं ओकले. बंदी, चहा, पोरीची एक खोली. तो सभ्यपणे ऐकत राहिला आणि मग वही पुढे ओढून त्यात चिकटवलेला एक कागद मला दाखवला. त्यावर तो गोल आणि ती रेघ छापलेली. शेजारी त्यांच्या भाषेत काहीबाही. त्याने मला समजावून सांगितलं की ही खूण आता त्यांना ठाऊक आहे, नव्या शिपायांना शिकवतात, आणि मी घाबरायचं कारण नाही. मला शिकवत होता तो, माझ्या दिराच्या खडूचा अर्थ.

पुलाच्या नाक्यावरही तो कागद चिकटवलाय. भाऊजी तिथून जायचं टाळतात. तुकडीमागून तुकडी बदलते, कागद तोच राहतो.

दहाव्या आठवड्यात चिठ्ठी आली. त्यावर नाव नव्हतं. घर क्रमांक ११८, पुरुष, वय २९, आजाराने मृत्यू. एवढंच. आकडा नसता तर निदान नाव तरी लिहावं लागलं असतं त्यांना. देह मिळाला नाही. कशाचा आजार, कुणी विचारलं नाही, विचारणार कुणाला?

त्यानंतर भाऊजींनी ब्रश हातात धरला नाही. पुतणीच्या गल्लीतही पाऊल टाकलं नाही. दिवसभर परसात त्या भिंतीकडे तोंड करून बसायचे, जिथे मी कितीही घासलं तरी तिची पहिली अक्षरं पुसट दिसतात. शेवटी मुलीनेच निरोप धाडला, काकाला घेऊन ये. मी जवळजवळ ओढत नेलं. ते दाराशी थांबले. आत या म्हटलं तरी येईनात. आकड्याकडे बघेनात. तिने चहा टाकला होता, कप घेऊन तीच बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. वाळून काडी झाली होती पोर.

"काका," ती म्हणाली, "तू नुसता आला असतास तरी दिला असता की चहा. खूण कशाला रे करायची?"

भाऊजींनी कप दोन्ही हातांत धरला. मी पाठीमागे उभी होते, हाताच्या अंतरावर. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"खोड," ते म्हणाले. "म्हातारपणाची खोड, बाळा."

तिने मान हलवली. आज या गोष्टीला तीन वर्षं झाली. त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि मीही नाही.