ओतेगेनचा राग आणि बोझिंगेनची विहीर

ओतेगेनच्या नाकावर राग बसलेलाच असायचा. चहा पातळ झाला तरी तो उसळायचा, वारा उलटा फिरला तरी. मांगिस्ताऊच्या पांढऱ्या कड्यांच्या कझाख मुलखात त्याच्या शिव्या न खाल्लेला मेंढपाळ सापडणं कठीण. तेलाच्या कंपनीत ड्रायव्हर होता तेव्हा त्याने मुकादमाची कॉलर धरली आणि नोकरी घालवली. मग कितीतरी महिने घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बायको, शारिपा, चहा उशाशी ठेवायची आणि गार झालेला उचलून न्यायची.

त्याला अंथरुणातून उठवलं ते कुआतने. कुआत म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, उलबोसिनचा, एकुलता एक मुलगा. अक्ताऊ शहरात राहणारा, जिभेवर साखर असलेला.

"मामा, उंट आहेत ना तुमचे? मी परदेशातली माणसं आणतो. त्यांना घेऊन कड्याकड्याने चालायचं. जीप नाही, घाई नाही. उंट चालेल तसं. संध्याकाळी तंबू ठोकायचे, मामी रांधेल."

"चालायला इथवर कशाला येतील? त्यांच्या देशात पाय चालत नाहीत?"

"पाय चालतात मामा. पण असा मोकळा मुलूख नाही ना."

आमच्यात भाच्याने मागितलं की मामाला नाही म्हणता येत नाही. ओतेगेन शिव्या देत उठला, आणि उंटांच्या मागे चालता चालता माणसात आला. उंट जुसानच्या झुडपाशी थांबला की सगळ्यांनी थांबायचं, तो चघळत उभा राहील तोवर उभं राहायचं, हा त्याचा कायदा. उंटाच्या पुढे धावणारा माणूस त्याच्या डोक्यात जायचा. "काय लग्नाला निघालाय का रे?" असं तो कझाखमध्ये ओरडायचा, आणि न कळताही तो माणूस मागे यायचा.

वाटेत बोझिंगेनची विहीर लागायची. ओतेगेनच्या वडिलांनी आणि काकाने कातळ फोडून खणलेली. खणताना दरड कोसळून काका त्यातच गाडला गेला, तो तिथेच राहिला. कितीतरी अंतरात गोडं पाणी तेवढंच. तिथे पोचलं की ओतेगेन आधी हात वर करून काकासाठी दुवा मागायचा आणि मगच झाकणाची फळी सरकवायचा.

आणि दर खेपेला नेमकं तिथेच काहीतरी घडायचं. एकदा दगडी डोणीत कुणीतरी बूट धुतलेले. एकदा पाण्यावर प्लास्टिकची बाटली. ओतेगेनच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तो टोपी जमिनीवर आपटायचा, आलेल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, ओरडून ओरडून खोकल्याने वाकायचा. पाहुणे मोबाइल धरून उभे राहायचे. कुआत पाठीवर हात फिरवायचा.

"सोडा मामा. शहरची माणसं. चुकतात."

त्या वसंतातल्या खेपेला मार्केता नावाची एक चेक बाई होती. साठी ओलांडलेली, शाळेत शिकलेलं रशियन अजून बोलायची, म्हणून शारिपाशी तिचं जमलं. विहिरीजवळ पोचायच्या सकाळी ती शारिपासोबत कणीक मळायला बसली आणि सहज म्हणाली, "आजच ना? आज तुमचे यजमान रागावणार?"

"म्हणजे?"

"कुआतच्या जाहिरातीत आहे की. कडे, उंट, आणि विहिरीवर वाळवंटातला संतापी म्हातारा. व्हिडिओ पण आहे. आमच्यातले निम्मे त्याच्यासाठीच आलेत."

शारिपाचे हात कणकेतच थांबले. तिने उठून भांड्यांची पेटी उघडली. भांडी घासायच्या साबणाची बाटली जागेवर नव्हती. आणि मुक्कामाची जागा बघायला म्हणून कुआत नेहमीसारखा तासभर आधीच पुढे गेला होता.

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. उंटांना त्याने त्या दिवशी एकाही झुडपाशी थांबू दिलं नाही.

विहिरीवर फळी उघडी होती. आत पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता, डोणीवर बाटली आडवी पडली होती. पाहुणे अर्धगोल करून उभे राहिले. दोघातिघांनी मोबाइल वर केले. कुआत तोंड कसंनुसं करून म्हणाला, "अरेरे, मामा, बघा ना कुणीतरी…"

ओतेगेनने बाटली उचलली आणि शारिपाकडे बघितलं. तिने होय म्हणून मान हलवली.

"तू टाकलास," तो म्हणाला.

"मामा, काहीतरीच काय—"

"तू टाकलास, कुआत."

तो ओरडला नाही, म्हणूनच बहुतेक कुआत घाबरला. मग त्याने हसून बघितलं. "टोपणभर साबण हो. दोन दिवसांत पाणी निवळतं. कड्यांचे फोटो सगळ्यांकडे आहेत मामा, ते बघायला कोण येतं? लोक तुम्हाला बघायला येतात!"

"माझा काका आहे खाली."

"मला माहितीये."

"माहिती असून टाकलास?"

ओतेगेन विहिरीच्या काठावर बसला आणि म्हणाला, "उंटांवरचं सामान उतरवा. विहीर स्वच्छ होईपर्यंत इथून कुणी हलणार नाही. आणि आत हा उतरेल."

एका पाहुण्याला परतीचं विमान गाठायचं होतं, तो भडकला. कुआत त्याला समजावत राहिला, मामाची मनधरणी करत राहिला, शेवटी चिडून स्वतःच शर्ट काढून उभा राहिला. "बांधा दोर. होऊन जाऊ दे तुमचं समाधान."

दोन दिवस उपसा चालला. उंटाने मोट ओढायची, पाणी लांब वाळूत ओतायचं. मार्केता आणि आणखी दोघी दोराला हात लावायच्या, बाकीचे तंबूत कुरकुरत बसायचे. पाणी तळाला गेलं तेव्हा कुआतला दोराने खाली सोडलं, गाळ काढायला. उंट दमला होता, म्हणून दोर ओतेगेनने खुंटाला वेढा देऊन स्वतः धरला.

गाळाची शेवटची बादली वर आली. खालून आवाज आला, "झालं मामा. घ्या वर."

ओतेगेनने दोर ओढला नाही.

"मामा! घ्या वर, गारठलोय!"

ओतेगेन दोर धरून उभा राहिला. त्याच्या मनात बाटली होती, उंचावलेले मोबाइल होते, आणि आपण इतकी वर्षं खोकेपर्यंत ओरडलो ते लोकांनी जत्रेतल्या अस्वलासारखं बघितलं हे होतं. अस्वलाला निदान ठाऊक तरी असतं. खालून कुआतचा आवाज चिरकला. "मामा, दगड सुटतायत इथे! मामा!" आणि ओतेगेनला ते ऐकायला बरं वाटत होतं. हातांना बरं वाटत होतं.

शारिपा धावत आली आणि तिने त्याच्या पाठीत बुक्का मारला. "अरे, ओढ! एक त्यात गेलाय तेवढा पुरे नाही का तुला?"

तेव्हा त्याने ओढलं.

कुआत वर आला, गाळाने माखलेला, ओठ निळे. घोंगडी त्याने झिडकारली. "मारणार होतास मला, म्हाताऱ्या? भिंतीकडे तोंड करून कुजत पडला होतास, तेव्हा कोणी उठवलं? तुझ्या रागाला कुत्रं विचारत नव्हतं, त्याला मी किंमत मिळवून दिली!"

उठवलं कुआतनेच होतं, हे खरं होतं.

पाहुण्यांना कबूल केल्याप्रमाणे त्याने शेवटच्या मुक्कामापर्यंत नेलं, त्याच संथ चालीने. मामा-भाचे एकमेकांशी शब्दही बोलले नाहीत. पुढच्या मोसमात कुआतने पलीकडच्या गावातला एक म्हातारा धरला, तो म्हणे सांगाल तेव्हा चिडतो. ओतेगेनकडे आता मोजकी माणसं येतात, मार्केताने पाठवलेली. त्यातल्या एकाने मोबाइल पुढे करून "रागवा ना थोडं" अशी खूण केली, तर ओतेगेनने त्याचं सामान उंटावरून उतरवून त्याच्याच खांद्यावर दिलं.

पहिल्या थंडीत उलबोसिन अक्ताऊहून टॅक्सीत दाटीवाटीने बसून आली. ओतेगेनला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेलं. कोट न काढताच ती बसली.

"दोर थांबवला होतास?"

"थांबवला होता."

"मुद्दाम?"

"मुद्दाम, आपा."

तिने त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. साठीच्या माणसाच्या, बायकोदेखत. मग कोटाची बटणं सोडली.

"आणि साबण त्याने टाकला होता?"

"हो."

"खाली आपला काका आहे, हे माहीत असून?"

"माहीत असून."

उलबोसिनने समोरचा रिकामा कप शारिपापुढे सरकवला. "घाल चहा. आता घरी जाऊन त्यालाही एक ठेवून देते."