डावी बिजागरी

आमच्या ह्यांनी आयुष्यात कुठल्या माणसाचा पिच्छा पुरवला नसेल इतका एका बिजागरीचा पुरवला. मी साक्षीला आहे, कारण त्या वणवणीत शेजारच्या सीटवर मी होते आणि जेवणाचा डबा माझ्या मांडीवर होता.

हे सुतार. मापात केसाएवढा फरक ह्यांना खपत नाही. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तर घास घशाखाली उतरत नाही. सासऱ्यांच्या मागे ह्यांच्या वाट्याला कारखाना आला आणि कारखान्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी स्टेशन वॅगन. पुढून ती चारचौघींसारखी मोटार, पण मागचा निम्मा भाग लाकडाचा. दारं, खांब, छताच्या पट्ट्या, सगळं लाकूड. सासरे तिच्यातून गिऱ्हाइकांच्या खुर्च्या पोचवत, आणि रिकाम्या वेळी मागचा फाळका आडवा पाडून त्यावर लेकीला बसवत. ती लेक म्हणजे माझ्या वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण. कारखान्यापासून रस्त्यापर्यंत एवढीच फेरी, तीही पायी चालण्याच्या वेगानं. पाय हवेत लोंबकळत आणि तोंडाची टकळी चालू.

वन्सं आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. यजमान गेल्यावर एकट्या राहत होत्या, म्हणून मुलानं समुद्रापलीकडे आपल्याकडे न्यायचं ठरवलं. चार महिन्यांनंतरचं तिकीट निघालं. परत येतील असं कुणी म्हणत नव्हतं, आणि येणार नाहीत असंही कुणी म्हणत नव्हतं. त्या मात्र एक दिवस सहज बोलून गेल्या की त्या फाळक्यावर पुन्हा एकदा बसायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. ते ह्यांनी ऐकलं आणि माझ्या घरातली शांतता संपली.

लाकूडकाम म्हणजे ह्यांच्या हातचा मळ. कुजलेले खांब बदलले, पट्ट्या बसवल्या. इंजिनाचं मेकॅनिकनं पाहिलं. अडलं ते फाळक्यापाशी. तो दोन पितळी बिजागऱ्यांवर झुलतो. उजवी जागेवर होती, डावी कधीच हरवलेली. आणि या दोघी जुळ्या नव्हेत. डावीला एक वाकडी खाच असते, तिच्यात अडकून फाळका आडवा थांबतो. ती नसेल तर बसणारा थेट जमिनीवर.

आम्ही सगळे भंगारवाले पालथे घातले. एकानं ‘हीच ती’ म्हणून पियानोच्या झाकणाची बिजागरी गळ्यात मारली. ती अजून आमच्या पिठाच्या डब्याला आहे आणि छान चालते.

शेवटी चार तासांच्या अंतरावर एक निवृत्त घड्याळजी सापडले. त्यांच्याकडे हुबेहूब तशीच गाडी होती. दोघे पुरुष बैठकीत बसले आणि दोन तास हवापाण्यावर बोलले, कारण गरज आधी कोणी दाखवायची हा प्रश्न होता. स्वयंपाकघरात घड्याळजींच्या बायकोनं मला पाच मिनिटांत सांगितलं की त्यांच्याकडे डावी आहे, उजवी नाही. मी कपाळाला हात लावला. विकायला कुणीच तयार होणार नव्हतं. मग आम्ही दोघींनीच ठरवलं की एकमेकांची बघून नवी ओतून घ्यायची. पण घड्याळजी आपली बिजागरी उंबऱ्याबाहेर जाऊ देईनात. ह्यांनी तिथंच बसून मापं घेतली, आणि घरी येऊन तिचा लाकडी नमुना केला. इतका नेमका, की रंग दिला असता तर घड्याळजीही फसले असते.

ओतकाम करणाऱ्या म्हातारबुवांनी नमुना हातात घेऊन विचारलं, माप विचार करून घेतलंय ना? हे फुरंगटले. माझं माप चुकत नाही, म्हणाले. म्हातारबुवांनी नमुना ठेवून घेतला.

पितळी बिजागरी आली ती एक सूत आखूड. भोकं जुळेनात, फाळका लागेना. वन्संच्या जाण्याला नऊ दिवस उरले होते. हे बिजागरी घेऊन भांडायलाच गेले, आणि मी मागोमाग, भांडण आवरायला.

म्हातारबुवांनी शांतपणे नमुना आणि बिजागरी शेजारी शेजारी ठेवल्या. “मिस्त्री, तुमचं माप अगदी बरोबर होतं,” ते म्हणाले. “म्हणूनच चुकलं. पितळ गार होताना आकसतं. नमुना जरा मोठाच करावा लागतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे नवा नमुना करायला बसले. मुद्दाम चुकीचं माप घेताना मी ह्यांना जन्मात पहिल्यांदा पाहिलं. चेहरा असा, की जणू कुणाची चोरीच करताहेत. मला हसू येत होतं आणि ह्यांची मायाही येत होती.

दुसरी बिजागरी वन्संच्या जाण्याच्या आदल्या दिवशी आली आणि चपखल बसली. फाळका आडवा होऊन खाचेत थांबला. ह्यांनी मला नीट जोखून पाहिलं.

“आधी तू बस,” म्हणाले. “ताईपेक्षा तू भरवशाची आहेस.”

कसला भरवसा ते मला कळलं. तरी बसले. फाळका हलला नाही.

दुपारी वन्सं आल्या, काठी बाजूला ठेवून फाळक्यावर बसल्या आणि त्यांनी खाली पाहिलं. आमच्या घरात त्यांच्याएवढं उंच कुणी नाही. पाय सरळ जमिनीला टेकले होते. ह्यांचा चेहरा पडला. सगळं मोजलं होतं, बहीण मोजायची राहिली होती.

वन्संनी दोन्ही हातांनी फाळक्याची कड धरली आणि पाय वर उचलले. “चल,” म्हणाल्या.

हे चालण्याच्या वेगानं गाडी नेत होते आणि मी वन्संना धरून बाजूनं चालत होते. त्यांची टकळी सुरू झाली होती. अर्ध्या वाटेत त्यांचे गुडघे थरथरायला लागले, तसं मी म्हणाले, वन्सं, ह्यांना थांबायला सांगते, टेकवा आता पाय.

“उद्यापासून टेकवायचेच आहेत गं,” त्या म्हणाल्या, आणि रस्ता येईपर्यंत त्यांनी पाय खाली सोडले नाहीत.