व्यवसायापुढे लिहिलेलं ‘शेती’

आधी माफी मागतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. रुग्णाची माहिती नीट लिहायला अजून शिकतोच आहे, आणि इथे आठवणी लिहायला बसलोय. पण हे लिहून ठेवलं नाही, तर पुढे मी ते स्वतःच्या सोयीनं आठवेन, अशी भीती वाटते.

मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. परभणीच्या सरकारी दवाखान्यात मला पहिल्यांदाच एकट्याला एका रुग्णाची माहिती घ्यायला सांगितलं होतं. मानवतकडच्या खेड्यातले चाळिशीचे गृहस्थ. मागच्या वर्षी टीबीचं सहा महिन्यांचं औषध झालेलं, तरी पुन्हा ताप, खोकला, बेडक्यातून रक्त. त्यांची बायको खाटेच्या पायथ्याशी तोंडाला पदर लावून उभी होती.

पुस्तकात दिलेल्या क्रमानं मी विचारत गेलो.

“व्यवसाय?”

“शेती.”

“पूर्वीचा उपचार पूर्ण केला होता का?”

“केला की. एक गोळी राहिली न्हाई.”

“घरात आणखी कोणाला खोकला?”

“न्हाई.”

मी भराभर लिहिलं. अक्षर चांगलं आलं म्हणून मनात खूशही झालो.

आम्हाला वॉर्डात शिकवणाऱ्या मॅडमनी कागद वाचला आणि मला बाजूला घेतलं. “सगळं औषध घेऊनही आजार उलटला, म्हणजे एक तर जंतू औषधाला दाद देत नाहीत, नाहीतर तुझ्या कागदात काहीतरी राहिलंय. थुंकी तपासायला गेलीय. पण हा माणूस गोळ्या कशा घेत होता ते मशीन सांगणार नाही. घरात अजून कोणी आजारी असेल तर तेही नाही. पोलिसासारखं विचारलंस, त्यानं पंचनाम्यासारखं सांगितलं. परत जा.”

जेवणानंतर परत गेलो. आधी त्या गृहस्थांचा डावा हात हातात घेऊन नाडी मोजायला लागलो. अंगठ्याच्या बुडाशी एक जुना, तिरपा व्रण होता. मोजणी चुकली. तसाच व्रण माझ्या बापाच्या हाताला आहे. ऊस डाव्या हातानं धरतात, कोयता उजव्या हातात असतो.

कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मीही ‘शेती’च लिहिलं होतं. दोन एकर कोरडवाहू आहे, त्यामुळे ते खोटं नाही. पण दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत माझे आईबाप ऊसतोडीला जातात, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणूनच सकाळी ‘शेती’ ऐकून मी पुढे काही विचारलं नाही. माझ्या जागी दुसरा कुणी असता, तर त्यानं कदाचित विचारलं असतं.

“मामा, कोणत्या कारखान्यावर जाता?”

त्यांनी हात काढून घेतला. “कुणी सांगितलं?”

“माझे मायबाप बी जातेत. आमी झरीकडले.”

पलीकडच्या खाटेजवळ माझे दोन मित्र उभे होते. त्यांनी ऐकलं. ऐकू दिलं.

मामा हसले. “आन सकाळी तर लय साहेबावानी बोलत होता!”

“आता तरी सांगा की,” खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली मावशी म्हणाली. “का माझ्या खोकल्याला बी कुलूप लावता?” एवढं बोलेस्तोवर तिलाच खोकला आला, तो थांबेना.

मग मामांनी सांगितलं. टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजतात. एक आजारी पडलं, तर मुकादम दुसऱ्यालाही घेत नाही. मागच्या हंगामात उसाच्या फडावर गेल्यावर महिन्याभरात मावशीला खोकला लागला. तो झाकायलाच हवा होता. मामांना रोज चार गोळ्या होत्या.

“दोन मला, दोन तिला. एका ताटात खातो आमी. मंग गोळ्या एकट्यानं कशा खाव्या? दिवसाला चारच संपल्या, कार्ड बराबर भरलं.”

मला रागावता आलं नाही. आमच्या घरीही तापाच्या गोळ्यांची पट्टी कात्रीनं अर्धी करून शेजारी देतात.

खोडलेलं वाचता यावं म्हणून जुन्या ओळींवर एकच रेघ मारायची आणि बाजूला सही करायची, असं शिकवलंय. मी दोन रेघा मारल्या, दोन सह्या केल्या. ‘शेती’ तसंच ठेवलं आणि पुढे लिहिलं: वर्षातले सहा महिने ऊसतोड. गोळ्यांचं मामांच्या शब्दांत लिहिलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं, आणि मावशीला खुर्ची द्यायला सांगितलं.

मावशीलाही टीबी निघाला. पण दोघांच्या तपासणीत नेहमीचं औषध लागू पडेल असं आलं. दोन पाकिटं, दोन नावं, दोन कार्डं. दिवाळीनंतर ते कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी घ्यायला आले, तेव्हा दोघांचंही वजन वाढलेलं होतं. मुकादमाला मावशीनं स्वतःच सांगितलं होतं. तो आधी फुगून बसला. पण आता कुणाला लागण होणार नाही, असं मॅडमनी फोनवर समजावल्यावर तयार झाला.

त्यानंतर काहीच कळेना. त्यांचा फोन लागत नव्हता. वॉर्डात खोकत नवीन माणूस आला, की मी आधी चेहरा बघायचो.

पाडवा झाला. गेल्या आठवड्यात दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

“झरीचे डॉक्टर का?”

“अजून डॉक्टर झालो न्हाई, मामा.”

“कवा बी व्हा. काल शेवटची तपासणी झाली. दोघांचं बी साफ हाय.”

मागून मावशीनं फोन ओढून घेतल्याचा आवाज आला.

“ज्याच्या त्यानं खाल्ल्या बरं का. एक बी वाटली न्हाई!”