मेणाचं डोकं

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, आजोबा मला ‘तुम्ही’ का म्हणतात?" तुमचे बाबा लगेच मध्ये पडले आणि हवेचं बोलू लागले. तिकडे थंडी सुरू झाली, इकडे ऑक्टोबरचा उकाडा. मीही हवेचंच बोलले. फोन ठेवल्यावर मला माझा राग आला. नाताळात तुम्ही येणार आहात. दारात उभे राहाल आणि आजोबा हात जोडून विचारतील, "या, बसा, कुठून आलात?" तुम्ही दचकाल. मग तुमची आई तुम्हाला आत नेऊन हळू आवाजात काहीतरी समजावेल. त्यापेक्षा मीच आधी सांगते.

हे मी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. शाळा नन्सची, पुढे नोकरीही इंग्रजी पत्रं टाइप करण्याची, त्यामुळे कागद पुढे आला की माझा हात तिकडेच वळतो. पण आजोबांच्या तोंडचं एकही वाक्य इंग्रजीत नीट बसेना. म्हणून मराठीत. अडलं तर बाबांना विचारा, त्यांचंही वाचन होईल.

आजोबा आणि मी चर्चेस बघत फिरायचो, हे तुम्हाला माहीत नसेल. निवृत्तीनंतर बोरीवलीच्या आमच्या सोसायटीतली बाकीची जोडपी अष्टविनायक, चारधाम करत होती. आजोबांचा जन्म वेंगुर्ल्याकडचा, घरी गणपती, गावी ग्रामदेवतेची जत्रा. तरी त्यांना वेड लागलं ते जुन्या चर्चेसचं. त्यांचं आयुष्य इमारतींचे नकाशे काढण्यात गेलं होतं. इतकी मोठी छपरं मधे खांब न घालता उभी कशी राहिली, हे त्यांना बघायचं होतं. सुरुवात घराजवळूनच झाली. मंडपेश्वरच्या लेण्यांत खाली महादेव आहे आणि वर पोर्तुगीजांच्या मठाच्या भिंती. मग होडीतून गोराई, तिथून मनोरी. अंधेरीला औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड एक पडकं चर्च आहे, छप्पर नाही, भिंतींतून पिंपळ आलेले. तिथे वर्षातून एकदा मिस्सा, म्हणजे त्यांची सामूहिक प्रार्थना होते, त्या दिवशीच बाहेरच्यांना आत सोडतात. आम्ही तिथेही रांग लावून गेलो होतो. आजोबा वर बघत फिरत होते. एक बाई मला म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना सांगा, वर काय नाही, सगळं खाली पडलंय."

आमचा एक नियम होता, त्यांनीच केलेला. बघायला जायचं, मागायला नाही. "आपण त्यांच्या देवाकडे पाहुणे," ते म्हणायचे. "पाहुण्याने चहा घ्यावा, घर छान आहे म्हणावं, निघावं." तेव्हा आम्हाला मागण्यासारखं काही नव्हतंही.

आणि त्यांची एक सवय होती. चर्चच्या दाराशी ते चपला काढायचे. मी शाळेत असताना बूट घालून चॅपेलमध्ये गेलेली, मला ठाऊक होतं की तिथे काढायच्या नसतात. पहिल्या वेळी मी त्यांचा शर्ट ओढला.

"अहो, इथे नाही काढत."

"देवाचं घर ना हे? मगे?"

"पण कोणीच काढलेल्या नाहीत. बघा तरी."

"त्यांचा देव त्यांना ओळखतो. आपण नवीन आहोत."

मग मीही काढायची. एकटे अनवाणी चालले असते तर लोकांना वाटलं असतं यांचं काहीतरी हरवलंय. चपला ते स्वतः ठेवायचे. माझा जोड भिंतीला लावून आत, त्यांचा त्याच्या बाजूला, पुढची टोकं बाहेरच्या दिशेला. म्हणजे निघताना शोधाशोध नको, पाय घातला की चालू. गोराईला आमच्या चपला बघून मागून आलेल्या एका सहलीने दाराशी चपलांचा ढीग केला होता. तिथला म्हातारा सेवक बाहेर येऊन बघतच राहिला. "आज काय सत्यनारायण आहे काय?" म्हणाला.

आजार कधी सुरू झाला हे मला सांगता येत नाही. मी सगळ्या गोष्टी जागच्या जागी ठेवणारी बाई, पण या गोष्टीची सुरुवात काही मला सापडली नाही. आधी किल्ल्या गेल्या, मग बँकेतली सही, मग आमच्याच गल्लीतला वळसा. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि पेनाने मेंदूचा एक भाग दाखवला. इथे कमी झालंय, म्हणाले. परत भरून येईल का? नाही. निदान थांबेल? त्यांनी पेन खिशात ठेवलं.

मी ते सगळं केलं जे अशा वेळी करतात. कपाटांवर चिठ्ठ्या लावल्या. संडासाच्या दारावर चित्र लावलं. बदाम भिजवले. रोज सकाळी फोटो दाखवून तुमची नावं विचारली. ते ओशाळायचे, मग चिडायचे, म्हणून ते बंद केलं. एका दुपारी मी वरण-भात वाढला. जेवण झाल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं आणि मला म्हणाले, "जेवण फार छान झालं होतं, बाई. तुम्ही कुठल्या?"

मी म्हटलं, "बोरीवलीची."

"अरे वा. माझी बायकोही बोरीवलीलाच असते."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘बाई, तुम्ही’ झाले. संसारभर मला ‘अगं’ म्हणून हाक मारणारा माणूस माझ्याशी बँकेतल्या कारकुनाशी बोलावं तसं अदबीने बोलतो. वाईट असं काही नाही त्यात, उलट पूर्वीपेक्षा जास्त आभार मानतात. पण त्यांनी मला ओळखावं, निदान एकदा, एवढंच मला हवं होतं. बाकी सगळं गेलं तरी चालेल, असं मी ठरवून टाकलं होतं. जणू कोणी मला विचारणारच होतं.

आमच्या मजल्यावरची शेजारीण कॅथलिक आहे, दर नाताळाला केक आणि ते गोड तळलेले कलकल देणारी, तुम्ही तिला ओळखता. तिला सगळं दिसत होतं. एकदा जिन्यातच थांबवलं.

"तू वांद्र्याच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये माउलीकडे जाऊन ये."

"आम्ही बघितलंय ते. दोनदा."

"बघितलंस गं. मागितलंस काय?"

"आमच्यात तसा नियम आहे."

"खड्ड्यात गेला तुझा नियम. माझा गुडघा कुणी बरा केला? जे दुखतं ते मेणाचं घ्यायचं, तिच्यापुढे ठेवायचं, मेणबत्ती लावायची, घरी यायचं. तुझा इंग्लिश मीडियम मध्ये आणू नकोस."

मी आणला नाही. तुमच्या बाबांनी तिकडून फोनवर गाडी मागवून दिली आणि एका मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. आजोबांना सांगितलं, छप्पर बघायला जायचंय. ते लगेच तयार झाले, शर्ट खोचला, वहाणा घातल्या. रस्ताभर मला वांद्र्याची माहिती देत होते. बरीचशी खरी होती.

टेकडीवर चर्चच्या बाहेर मेणाच्या वस्तूंची दुकानं आहेत. फळीवर ओळीने हात, पाय, पोट, डोळे, बाळं, घरं मांडलेली. परदेशी जायचं असेल त्यांच्यासाठी विमानंही. पूर्वी आम्ही ती बघत बघत पुढे जायचो आणि आजोबा विमानाच्या पंखाची चूक काढायचे. आता मी फळीसमोर उभी राहिले आणि काय मागायचं ते मला कळेना.

"बोला आजी, काय तरास आहे?" दुकानातल्या बाईने विचारलं.

"यांना आठवत नाही."

"मग डोकं घ्या."

"मला ओळखत नाहीत," मी म्हटलं. एवढं सांगायची गरज नव्हती.

तिने आजोबांकडे नीट बघितलं. ते विमान उचलून बघत होते. "मग काळीज घेता? काही लोक काळीज पण ठेवतात. नाहीतर पूर्ण माणूसच न्या, बाप्या आहे माझ्याकडे, सगळं त्यात आलं."

मला हसू आलं आणि रडूही. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर काम होत नाही, हे नोकरीत शिकलेली मी. डॉक्टरांचं पेन आठवलं. "डोकंच द्या," म्हटलं.

मुठीपेक्षा थोडं मोठं, पिवळसर, मिटल्या ओठांचं डोकं होतं ते. केसांच्या जागी नुसत्या रेघा. मी ते आजोबांच्या हातात दिलं, कारण ज्याचं दुखणं त्याने ठेवायचं असतं असं शेजारणीने बजावलं होतं. दाराशी ते वाकले. वहाणा काढल्या, माझ्या चपला माझ्या पायांतून निघायची वाट बघितली, दोन्ही जोड भिंतीला लावले. डोकं तेवढा वेळ काखेत धरलं होतं. आजूबाजूचे बुटासकट आत जात होते.

आत रांग होती. पुढे मूर्तीजवळ मेणाच्या वस्तू ठेवायची जागा आणि तिथे एक मध्यमवयीन गृहस्थ रांग सरकवायला उभे. आमची पाळी आली. मी मनात मागून घेतलं, जे मागायचं होतं ते. मग म्हटलं, "अहो, ठेवा आता."

"काय?"

"ते हातातलं."

त्यांनी डोकं वर धरून बघितलं, पुढून, मग मागून. "हे कोणाचं?"

"तुमचं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"माझं?"

"हो."

"माझं आहे, तर मी कित्याक देऊ?"

मागची मुलगी खुदकन हसली. तिच्या मागचाही कोणी हसला. रांगेतले गृहस्थ समजूतदारपणे म्हणाले, "अंकल, ठेवा ना, माउली बघून घेईल."

"बघून घेईल म्हणजे? यांना विचारा," आजोबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या बाईंनीच सांगितलं माझं म्हणून."

मी त्यांच्या बोटांतून ते सोडवायचा प्रयत्न केला. देवासमोर, लोकांसमोर, माझ्या नवऱ्याच्या हातातून त्याचं डोकं ओढत होते. त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं. त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. त्यांना माझीच भीती वाटत होती. मी हात सोडला.

"असू दे आजी," ते गृहस्थ म्हणाले, "मेणबत्ती तरी लावा." पण मेणबत्ती घ्यायची मी विसरले होते. जे काही व्यवस्थित करायचं म्हणून आले होते, त्यातलं एकही झालं नाही. मागून कोणीतरी "चला ना आंटी" म्हणालं आणि आम्ही बाजूच्या दाराने बाहेर आलो.

तिथे कठड्याला धरून मी उभी राहिले. खाली समुद्र होता. डोळ्यांना पदर लावला, मला वाटतं बराच वेळ. भानावर आले तर आजोबा शेजारी नव्हते.

तुम्हाला सांगते, तेव्हा जे वाटलं ते मला लिहिता येणार नाही. मी अनवाणी चर्चच्या भोवती पळत पुढच्या दाराकडे आले. तापलेल्या फरशीने तळवे भाजत होते. आणि ते तिथे होते, दाराशी उकिडवे बसलेले. डोक्यावर त्यांनी आपला रुमाल घातला होता. मेणाच्या डोक्यावर, उन्हाने वितळू नये म्हणून. मधल्या वेळात गुजराती बोलणारं एक मोठं कुटुंब आलं होतं, आमच्या चपला बघून त्यांनीही आपल्या काढल्या होत्या, लहानमोठ्या, एकावर एक. आजोबा त्या ढिगात हात घालून शोधत होते. त्यांच्या वहाणा आधीच बाजूला काढून ठेवलेल्या. मग त्यांनी माझी एक चप्पल ओढून काढली, मग दुसरी. त्या मी महिन्याभरापूर्वीच घेतल्या होत्या, काळ्या, साध्या, तशा ढिगात आणखीही असतील. त्यांनी त्या झटकल्या आणि माझ्या पायांसमोर ठेवल्या, टोकं बाहेर करून.

"घ्या, बाई," म्हणाले.

"माझ्या आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

त्यांना प्रश्नच बावळटपणाचा वाटला असावा. "ह्या माझ्या बाजूच्या," ते म्हणाले, आणि उठायला हात पुढे केला.

शेजारणीने नंतर विचारलं, ठेवलंस का? मी खरं सांगितलं. ती म्हणाली, परत जा. मी गेले नाही. परत जाऊन काय ठेवणार, तेच मला अजून ठरवता येत नाही.

डोकं घरी आहे. शोकेसमध्ये, तुमच्या फोटोच्या शेजारी. त्यांच्या अंगठ्याने एक गाल दबला आहे आणि उकाड्यात नाक थोडं बसलं आहे. ते रोज विचारतात हे कोण, मी रोज सांगते. तब्येतीत फरक नाही. डॉक्टर म्हणतात, हळूहळू जेवायचं कसं हेही सांगावं लागेल. मी ऐकून घेते.

तर नाताळात तुम्ही आलात की ते तुमचं नाव घेणार नाहीत. मोठ्याला कदाचित इस्त्रीवाला समजतील. हसू आलं तर हसा, पण नावं विचारू नका. चहा देतील तो घ्या, घर छान आहे म्हणा.

त्यांना माझं नाव आता येत नाही. पण बाहेरून आल्यावर ते अजून दाराशी वाकतात, आपल्या वहाणा काढतात, मी काढलेल्या चपला उचलतात, आणि दोन्ही जोड भिंतीला लावून शेजारी शेजारी ठेवतात.